शिकणे, शिकवणे, संशोधन : एका शिडीचा गैरसमज

#थ्रेड

१. इतिहासाची ओढ असलेल्या तरुणाला घरी आणि महाविद्यालयात एकच क्रम ऐकवला जातो : आधी पदवी, मग अध्यापकाची नोकरी, मग जमले तर संशोधन. समाजमाध्यमांवर याच्या नेमके उलट ऐकू येते : पदवी कशाला हवी, मूळ कागद हाती लागला की प्राध्यापकांची गरजच संपली. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधन कसे घडले हे पाहू लागले, की या दोन्ही समजुती डळमळू लागतात.

२. सुरुवात १८२६ पासून. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास त्या वर्षी लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. कॅप्टन केपनने केलेला त्याचा मराठी अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांत पोहोचला. मराठी मुलांनी आपल्या पूर्वजांचा सलग इतिहास प्रथम वाचला तो असा : इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला आणि पाठ करण्यासाठी हाती दिलेला.

३. या पुस्तकावर पहिली सविस्तर टीका कोणी केली? एखाद्या नामांकित पंडिताने नव्हे. १८६७ साली विशीतल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यातील तरुणांच्या एका मंडळीपुढे डफच्या इतिहासावर निबंध वाचला. डफच्या परिश्रमांविषयी आदर राखून त्यांनी त्याच्या उणिवा दाखवल्या. ज्या पुस्तकावरून एक पिढी शिकत होती, त्याच पुस्तकाची तपासणी त्या पिढीतल्या एका तरुणाने आरंभली.

४. यातला कळीचा मुद्दा पुराव्याचा होता. आपण वापरलेल्या अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे डफने तळटीपांत नमूद केले होते. पुढे शोध घेणाऱ्यांना त्या तेथे सापडल्या नाहीत, आणि कागद जाळले गेल्याचा प्रवादही पसरला. प्रवाद खरा असो वा खोटा, परिणाम एकच झाला. डफची विधाने उरली, ती पडताळण्याचे साधन मात्र वाचकाच्या हाती राहिले नाही.

५. म्हणजे मराठी इतिहाससंशोधनाचा उगम एका शिकणाऱ्याच्या साध्या प्रश्नात आहे : हे कशावरून? शिक्षण पूर्ण झाल्यावर संशोधन सुरू होते, ही कल्पना येथेच पहिल्यांदा अडखळते. हा प्रश्न ज्याला शिकत असताना पडत नाही, त्याला तो पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी एकाएकी पडेल, असे मानायला आधार नाही.

६. आता शिक्षकांकडे वळू. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले. काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही त्यामागची प्रमुख नावे. साने शिक्षणखात्यात नोकरीला होते. दप्तरांतून आणि खासगी संग्रहांतून पडून राहिलेल्या बखरी व पत्रे या मासिकातून क्रमशः छापली गेली. सभासदाची आणि भाऊसाहेबांची बखर संपादित करून वाचकांपुढे ठेवली ती सान्यांनी. शाळेचे काम सांभाळून.

७. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवत. गावातच पटवर्धन सरदारांचे अफाट दप्तर. शाळा सुटल्यावर शास्त्रीबुवा त्या मोडी कागदांत बुडत. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. पदरमोड करून, कर्जाचा भार सोसून त्यांनी खंडामागून खंड काढले. उत्तर पेशवाईच्या लढाया, तह आणि सरदारांचे आपसांतले व्यवहार यांवर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

८. मुंबईला विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर. १९०७ साली त्यांनी शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. शिकवणे, लिहिणे आणि एका होतकरू मुलाच्या हाती पुस्तक ठेवणे या तीन गोष्टी या माणसाच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

९. सर्वांत बोलके उदाहरण गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. १८८९ साली ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत गेले आणि राजपुत्रांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. हिंदुस्थानचा इतिहास मराठीत शिकवायचा, तर सलग असे पुस्तक नव्हते. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि पुढे ‘मराठी रियासती’चे खंड आले.

१०. शिकवणारा मनुष्य तयार ज्ञान पुढे पोहोचवतो, संशोधक ते निर्माण करतो, अशी विभागणी सर्रास केली जाते. सरदेसायांचा अनुभव याहून निराळा आहे. समोर बसलेल्या मुलाला ‘मग पुढे काय झाले?’ याचे उत्तर द्यायचे असते. दोन प्रसंगांमधला दुवा आपल्याला ठाऊक नाही हे शिक्षकाला तेव्हाच कळते. स्वतःपुरते वाचणारा अशी फट नकळत ओलांडून जातो, शिकवणाऱ्याला तिच्यापाशी थांबावे लागते.

११. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे तर शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. १८९४ साली त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र लिहिले, तेव्हा ते पंचविशीच्याही आत होते. पुढे कागद, चित्रे, नकाशे जमवत त्यांनी साताऱ्याला मोठा संग्रह उभा केला. तो १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने जमवलेली साधने पुढे उच्चशिक्षितांच्या अभ्यासाला पायाभूत ठरली.

१२. आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. मॅट्रिक झाल्यावर बी. ए. होण्यास त्यांना आठ-नऊ वर्षे लागली. वर्गापेक्षा ग्रंथालयात ते अधिक रमत. आपल्या शाळा-कॉलेजांतील अनुभवांवर त्यांनी पुढे एक दीर्घ निबंधच लिहिला आणि त्या शिक्षणपद्धतीवर सडकून टीका केली. काही काळ शिक्षकी केली, १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालवले. पत्नी अकाली वारल्यावर पुन्हा संसार मांडला नाही.

१३. वाईला त्यांना पानिपतच्या काळातील पत्रे मिळाली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो या १७५० ते १७६१ मधील पत्रांचा. पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. गावोगाव पायपीट करायची, स्वहस्ते स्वयंपाक करायचा, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडायचे. वाळवी आणि रद्दीवाला यांच्या आधी तेथे पोहोचणे, हेच अनेकदा संशोधनाचे पहिले काम असे.

१४. हे सारे खासगी घरांत का चालले होते? कारण पुण्यातले पेशवे दफ्तर सरकारच्या कुलपात होते. १८१८ नंतर इंग्रजांनी ते ताब्यात घेतले आणि इनामांची चौकशी, महसुलाचे दावे अशा कामांसाठी वापरले. स्वतंत्र अभ्यासकाला तेथे मुक्त प्रवेश नव्हता. म्हणून मराठी संशोधनाने वाडे, मठ, देवळे आणि कुलकर्ण्यांच्या कोठ्या धुंडाळल्या. खासगी दप्तरांकडे वळणे ही त्या काळची गरज होती, हौस नव्हे.

१५. १९१० साली राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. वकील, शिक्षक, कारकून, संस्थानिकांचे नोकर असे लोक तेथे जमत. सापडलेला कागद सभेत वाचायचा, त्यावर इतरांनी शंका काढायच्या, मग तो वृत्तात छापायचा. विद्यापीठांत मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनाला फारशी जागा नव्हती, तेव्हा ही सभाच संशोधनाची शाळा ठरली.

१६. बहुतेक जण ही कथा येथेच थांबवतात. पदवीवाचून झटणारे ध्येयवेडे संशोधक आणि त्यांच्यापुढे फिके पडणारे प्राध्यापक! पण असे चित्र रंगवणे म्हणजे एका समजुतीच्या जागी दुसरी बसवणे. राजवाड्यांनीही ठळक चुका केल्या. शब्दांच्या आणि स्थलनामांच्या त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी मानल्या नाहीत. त्यांच्या प्रस्तावनांतील समाजविषयक अनेक सिद्धान्तही वादग्रस्त ठरले.

१७. तरीही राजवाड्यांचे खंड टिकले. याचे श्रेय त्यांच्या निःस्पृहतेला किंवा विक्षिप्तपणाला देण्याची प्रथा आहे. खरे कारण त्यांच्या छापण्याच्या पद्धतीत सापडते. प्रस्तावनेत त्यांनी आपले मत मांडले आणि पुढे मूळ पत्रे छापून दिली. प्रस्तावना न पटणाऱ्याला तीच पत्रे वाचून वेगळा निष्कर्ष काढता येत होता. स्वतःला खोडून काढण्याचे साधन त्यांनी स्वतःच वाचकाला दिले. डफच्या वाचकांना नेमके हेच मिळाले नव्हते.

१८. आता ‘मूळ कागद सापडला की झाले’ ही समजूत तपासू. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद त्यासाठी उपयोगी आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७ सालची तिथी प्रचलित होती. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद होती.

१९. १९१६ साली टिळकांनी ती शकावली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात प्रसिद्ध केली. जुन्या कागदातील तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगाच्या गणिताने तपासता येतो. मागाहून रचलेल्या नोंदींत हा मेळ बऱ्याचदा चुकतो. टिळकांचा ज्योतिर्गणिताचा अभ्यास येथे कामी आला. तथापि एका शकावलीने वाद मिटला नाही, आणि मिटायलाही नको होता. एकच साक्षीदार कितीही विश्वसनीय असला तरी एकटाच असतो.

२०. पुढचा पुरावा दूरवरून आला. सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरच्या ग्रंथसंग्रहात कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ मिळाले आणि १९२७ साली ते छापले गेले. महाराजांच्या हयातीत रचलेल्या या संस्कृत काव्यातही शके १५५१ चीच तिथी होती. जोधपूरकडच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहात सापडलेली महाराजांची कुंडलीही तिलाच दुजोरा देत होती. टिळक १९२० सालीच वारले होते, हे पुरावे पाहण्याचे त्यांच्या वाट्याला आले नाही.

२१. कारीचे देशमुख, तंजावरचा ग्रंथ, जोधपूरची कुंडली : परस्परांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणच्या नोंदी एकाच दिवसावर येऊन थांबल्या. वजन आले ते या जुळणीमुळे. टिळकांच्या लोकप्रियतेने ते वाढले नाही, आणि ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हते म्हणून घटलेही नाही. २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली, तेव्हा शकावलीच्या प्रकाशनाला पंचाऐंशी वर्षे झाली होती.

२२. आता विद्यापीठाच्या बाजूने पाहू. जदुनाथ सरकार हे नाव घेतले की कठोर शिस्तीचा प्राध्यापक डोळ्यांपुढे येतो. त्यांची एम. ए. ची पदवी मात्र इंग्रजी साहित्याची होती. इतिहासासाठी ते फारसी शिकले, मराठी शिकले, दक्षिणेतल्या वाटा आणि गडकोट स्वतः पाहून आले. औरंगजेबावरचे त्यांचे पाच खंड १९१२ ते १९२४ या काळात निघाले. पदवी ज्या विषयाची, त्याच विषयात संशोधन, हा नियम त्यांनाही लागू पडत नाही.

२३. सरकार आणि पुण्याचे संशोधक यांच्यात दीर्घकाळ खटके उडाले. फारसी तवारिखांवर सरकारांचा भर फार, ही पुण्याची तक्रार. मराठी कागद इतर भाषांतील साधनांशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राह्य मानू नयेत, हा सरकारांचा आग्रह. वाद कटू झाला, पण दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या साधनांची दखल घ्यावी लागली. ग. ह. खरे यांच्यासारख्या मंडळातल्याच संशोधकाने पुढे ऐतिहासिक फारसी साहित्य मराठी वाचकांसाठी संपादित केले.

२४. अखेर पेशवे दफ्तराचे कुलूप निघाले. सरकारांच्या पाठिंब्याने हे काम सरदेसायांकडे आले. बडोद्याच्या नोकरीतून ते १९२५ सालीच निवृत्त झाले होते. १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. वय साठीच्या पुढे, हाताशी मोजके सहकारी. विद्यापीठीय इतिहासकार आणि राजपुत्रांचा जुना शिक्षक यांच्या मैत्रीतून हे घडले. दोन छावण्यांच्या सोप्या कथेत ही मैत्री कोठेच बसत नाही.

२५. या परंपरेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोडी वाचणारे आणि दप्तरे राखणारे बहुतांशी ठराविक जातींतले होते. ज्यांच्या घरी माडी नव्हती, त्यांच्याकडे रुमालही नव्हते. शेतकरी, कारागीर, स्त्रिया या कागदांत येतात त्या बहुधा वसुली, तंटा किंवा शिक्षेच्या निमित्ताने. महात्मा फुल्यांनी १८६९ सालच्या शिवाजी महाराजांवरील पवाड्यात इतिहासाकडे खालच्या बाजूने पाहिले. त्या दृष्टीचे मोल संशोधकांच्या सभांना उशिरा कळले.

२६. म्हणून ‘संशोधन सर्वांना खुले असते’ हीदेखील तपासून घ्यावी अशीच समजूत आहे. पदवीची अट काढली तरी लिपी, वेळ, पैसा आणि ओळखी यांच्या अटी उरतातच. आज विद्यापीठ, अभिलेखागार किंवा सार्वजनिक ग्रंथालय या अटी थोड्याफार सैल करते. ज्या मुलीच्या घरी एकही जुना कागद नाही, तिला दफ्तराच्या दारापर्यंत नेणारी वाट बहुधा संस्थेतूनच जाते. संस्थांची टर उडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२७. संशोधनाची पद्धत शिकावी लागते, हेही तितकेच खरे. ग. ह. खऱ्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ नावाचे पुस्तक लिहिले ते याच हेतूने. लिपी कशी वाचावी, कालगणना कशी जुळवावी, साधन कसे पारखावे, हे नवख्याला सांगायला हवे असे त्यांना वाटले. संशोधनात मुरलेला माणूस पुन्हा शिक्षक होतो, आणि शिकवताना स्वतःच्या पद्धतीकडे नव्याने पाहतो. शिडीच्या वरच्या पायरीवरचा मनुष्य असा खालच्या पायरीवर उतरून येतो.

२८. आजची स्थिती राजवाड्यांच्या काळाच्या उलट आहे. तेव्हा कागद मिळत नव्हते, आज त्यांची छायाचित्रे क्षणात हजारोंपर्यंत जातात. पण त्या छायाचित्राखाली काय असते? कागद कोणत्या संग्रहातला, रुमाल कोणता, तारीख कशी ठरवली, वाचन कोणी केले, यांपैकी बहुधा काहीच नसते. असते ते एक ठाम विधान आणि ‘हे तुम्हाला कोणी शिकवले नाही’ असा टोमणा. डफच्या हरवलेल्या नकलांचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

२९. असे लिहिणाऱ्याजवळ पदवी आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. पुरावा न दाखवणारा प्राध्यापक आणि पुरावा न दाखवणारा हौशी अभ्यासक वाचकाला सारखेच असहाय करतात. दोघेही त्याच्याकडून विश्वास मागतात, एक पदाच्या बळावर, दुसरा आवेशाच्या. मिरजेच्या शास्त्रीबुवांनी कर्ज काढून कागद छापले ते कशासाठी, हे अशा वेळी आठवावे.

३०. इतिहासाकडे वळू पाहणाऱ्या तरुणाने पदवीची वाट पाहत थांबू नये आणि पदवीला हिणवूही नये. मोडी शिकावी, एक छोटे दप्तर किंवा एकच खंड निवडावा, त्यातले दहा कागद नीट वाचावेत. मग ते कोणाला तरी शिकवावेत : धाकट्या भावंडाला, मित्राला, गावच्या वाचनालयातल्या चार मुलांना. त्यांच्यातला कोणी तरी ‘हे कशावरून?’ असे विचारील. १८६७ साली कीर्तन्यांनी विचारले होते, ते हेच.